स्वरलेखनासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? म्यूझस्कोर, डोरिको, सिबेलियस आणि मराठी बोलांची कसोटी

नाशिकमध्ये पाश्चात्त्य स्वरलेखनाची गरज आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ठिकाणी पडू लागली आहे. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरातील क्लासमध्ये मुले पियानो, गिटार आणि व्हायोलिन शिकून ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांना बसतात. शाळांच्या समूहगानात पेटी-तबल्याच्या जोडीला कीबोर्ड आणि व्हायोलिन असते. चर्चच्या गायकवृंदांना मराठी गीते चार आवाजांत बसवायची असतात, आणि बँडमधील क्लॅरिनेट-ट्रम्पेट वाजवणाऱ्यांतही कागदावरून वाचणारे आहेत. या सर्वांसाठी चाली लिहून देण्याचे काम मी करते आणि शिक्षकांकडून वारंवार एकच विचारणा होते : एवढी सॉफ्टवेअर उपलब्ध असताना नेमके कोणते घ्यावे?

माझे मत आरंभीच सांगते. मराठी गाणी लिहिणाऱ्या बहुतेकांनी म्यूझस्कोर स्टुडिओ घ्यावे. ज्यांना गीतांची पुस्तके छापायची आहेत किंवा मोठ्या वाद्यवृंदाचे काम नियमितपणे येते, त्यांनी डोरिकोसाठी पैसे साठवावेत. सिबेलियस ज्यांच्या हाताला बसले आहे त्यांनी ते सोडण्याचे कारण नाही, परंतु आज नव्याने शिकणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. या मतापर्यंत मी दोन निकषांवर आले आहे. पहिला असा, की स्वरांखाली देवनागरी बोल आणि सरगम स्वच्छ उमटतात का; आणि दुसरा असा, की उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले तर आपले लेखन त्यातून सुखरूप बाहेर काढता येईल का. परदेशी समीक्षांत या सॉफ्टवेअरची तुलना बहुधा सिंफनी किंवा चित्रपटसंगीत समोर ठेवून केलेली असते आणि तेथे पहिला निकष उद्भवतच नाही. आपल्याकडे मात्र चार कडव्यांचे समूहगान, काळी चारची पट्टी, रूपक किंवा केरवा ताल आणि सोबत दोन ट्रम्पेट हे नेहमीचे काम आहे, आणि सॉफ्टवेअरची परीक्षाही त्याच कामावर व्हायला हवी.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे किंवा पलुस्कर स्वरलिपीसाठी बनवलेले नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांसाठी केवळ बंदिशी लिहून काढायच्या असतील, तर साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये सोळा स्तंभांचा तक्ता आखावा, डोक्यावर सम, टाळी आणि खाली यांची चिन्हे द्यावीत आणि काम संपवावे. त्यासाठी पाच रेषांच्या मागे लागण्याची गरज नाही. हे सॉफ्टवेअर कामाला येते ते पेटीवाला सरगम वाचतो, व्हायोलिनवाला स्टाफ म्हणजे पाच रेषांवरचे लेखन वाचतो आणि गाणारी मुले केवळ बोल वाचतात, अशा ठिकाणी. तिघांसाठी तीन कागद केले की तालमीत गोंधळ होतो. एकाच कागदावर तिन्ही गोष्टी असल्या म्हणजे ‘तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या मात्रेपासून’ असे म्हणताच सर्वांचे बोट एकाच जागी जाते.

हे साधण्याची सोपी रीत अशी, की गीताचे बोल पहिल्या कडव्याच्या जागी लिहावेत आणि दुसऱ्या कडव्याच्या जागी सरगम लिहावी. म्यूझस्कोरमध्ये बोल लिहिताना एंटर दाबले की कर्सर खालच्या ओळीत जातो, त्यामुळे ही मांडणी अत्यंत सहज होते. सरगमसाठी वेगळा फॉन्ट लागत नाही. वेदपठणातील स्वरांकनासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या सामाईक प्रमाण व्यवस्थेत, ज्या खुणा आहेत, त्या येथे चपखल बसतात : अक्षराखालची आडवी रेघ कोमल स्वरासाठी आणि डोक्यावरची उभी रेघ तीव्र मध्यमासाठी, म्हणजे रे॒, ग॒, ध॒, नि॒ आणि म॑. मंद्र सप्तकासाठी नुक्ता म्हणजे अक्षराखालचा बिंदू आणि तार सप्तकासाठी अनुस्वाराचा बिंदू घेतला की ध़ आणि सां असे भातखंडे पद्धतीशी जुळणारे लेखन तयार होते. एकाच अक्षराला दोन खुणा आल्या, म्हणजे तार सप्तकातील कोमल ऋषभ लिहायचा झाला, तर मात्र प्रत्येक फॉन्ट त्या खुणा सारख्याच नीट बसवतो असे नाही. म्हणून कोमल-तीव्र आणि मंद्र-तार यांच्या सर्व जोड्या एकदा छापून पाहूनच फॉन्ट ठरवावा.

पलुस्कर पद्धतीत शिकलेल्या वादकांसाठी येथे एक सूचना करणे भाग आहे. त्या पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र सप्तक दाखवतो आणि तार सप्तकासाठी उभी रेघ असते. भातखंडे पद्धतीत डोक्यावरचा बिंदू तार सप्तकाचा, आणि उभी रेघ दिसली तर ती तीव्र मध्यमाची. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९२२ मध्ये नाशिकात रामनाम आधार आश्रम स्थापन केला आणि त्यांच्या परंपरेत शिकलेले लोक या शहरात आजही आहेत, तेव्हा कागदाच्या माथ्यावर ‘चिन्हे भातखंडे पद्धतीची’ ही एक ओळ छापावी. त्या एका ओळीने तालमीतील बराच वेळ वाचतो.

बोलांची फोड हा पुढचा प्रश्न. या सर्व सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार दाबला की पुढच्या स्वरावर जाता येते आणि हायफन दिला की शब्द तोडला जातो. इंग्रजीसाठी ही सोय पुरेशी आहे. मराठीत मात्र जोडाक्षर कोठे तोडायचे हे आपल्याला ठरवावे लागते. ‘भक्ती’ हा शब्द दोन स्वरांवर बसवताना ‘भक्-ती’ असा लिहिला तर पहिल्या भागात हलन्त दिसतो आणि गाणारे मूल तेथे अडखळते. ‘भ-क्ती’ असा लिहिला तर वाचायला सोपे जाते आणि ‘क्’चा आघात मुले आपोआप घेतात. मी दुसरी पद्धत पाळते आणि एका गाण्यात दोन्ही पद्धती मिसळू नयेत असा माझा आग्रह असतो. आकार लांबवायचा असेल तेथे भातखंडे पद्धतीतील अवग्रह (ऽ) लिहावा, कारण आपल्या गायकांना ती खूण ओळखीची असते, पाश्चात्त्य पद्धतीची सलग रेघ नसते.

टंकलेखनाच्या बाबतीत इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक सर्वांत निर्धोक आहे. इंग्रजी अक्षरांवरून मराठी शब्द सुचवणाऱ्या साधनांत शब्द पक्का करण्यासाठीही स्पेसबारच दाबावा लागतो, आणि हाच स्पेसबार सॉफ्टवेअरला पुढच्या स्वराकडे नेत असतो, त्यामुळे दोन्ही आज्ञा एकमेकींत अडकतात. स्वर लिहून झाले की कळफलक मराठी करावा, बोल संपले की पुन्हा इंग्रजी करावा. मराठी कळफलक चालू राहिला तर ए ते जी या कळांनी स्वर लिहिले जात नाहीत आणि नवशिक्याला वाटते की सॉफ्टवेअर बिघडले. दुसरी अडचण जुन्या मजकुराची. आपल्याकडील अनेक गीते डीटीपीच्या दुकानांत युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. ती तशीच चिकटवली की अगम्य चिन्हे दिसतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, मग तो यांपैकी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नेता येतो.

आता एकेका सॉफ्टवेअरविषयी.

म्यूझस्कोरचा जन्म एका मोठ्या प्रकल्पातून फुटून २००२ मध्ये झाला. वर्नर श्वेर हे त्याचे मूळ कर्ते. पहिली पूर्ण आवृत्ती २०११ मध्ये आली. ते मुक्त स्रोत आहे, पूर्णपणे मोफत आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने त्याचे रूप पालटले : स्वरांमधील अंतर, जोडरेषांचे कोन आणि बोलांची जागा या गोष्टी आता मूळच्याच इतक्या नेटक्या येतात की साध्या गाण्यात हाताने फारसे काही हलवावे लागत नाही. यातील लेलँड हा चिन्हांचा फॉन्ट लेलँड स्मिथ यांच्या नावाचा आहे. संगणकीय स्वरलेखनाच्या आरंभकाळातील स्कोर हे नामांकित सॉफ्टवेअर त्यांचे. देवनागरीच्या बाबतीत म्यूझस्कोरने मला समाधान दिले आहे. ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्ण’ आणि ‘दुर्वा’ हे तीन शब्द मी कसोटीसाठी वापरते, कारण त्यांत ज्ञ, श्व, ष्ण आणि रफार अशी सर्व अवघड रूपे येतात. तिन्ही शब्द पडद्यावर आणि पीडीएफमध्ये नीट उमटतात. फक्त त्याच्या मूळच्या मजकूर-फॉन्टमध्ये देवनागरी नसल्यामुळे बोलांचा फॉन्ट मुद्दाम बदलून मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी असा ठेवावा, आणि स्टाफ व बोल यांमधील किमान अंतर थोडे वाढवावे, नाहीतर वेलांट्या आणि रफार खालच्या स्वरांना भिडतात.

म्यूझस्कोरविषयी एक इशारा मी प्रत्येक पालकाला देते. सॉफ्टवेअर मोफत आहे. परंतु त्याच नावाचे, लोकांनी चढवलेली स्वरलेखने मिळण्याचे जे संकेतस्थळ आहे, तेथील अनेक सोयींसाठी सशुल्क सदस्यत्व लागते. ते सदस्यत्व घेतल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असा समज झाल्याने लोक विनाकारण पैसे भरतात. गाणी लिहिण्यासाठी त्या सदस्यत्वाची मुळीच आवश्यकता नाही.

ध्वनीसाठी म्यूझ साउंड्स हा संच मोफत मिळतो. त्यातील व्हायोलिन, बासरी आणि गायकवृंद यांचे ध्वनी खरोखर श्रवणीय आहेत, पण संच आकाराने मोठा आहे. मर्यादित इंटरनेट असलेल्यांनी आवश्यक तेवढीच वाद्ये उतरवून घ्यावीत. शाळेच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर चौथी आवृत्ती जड जाते आणि तेथे तिसरी आवृत्ती अजूनही उपयोगी पडते. अर्थात कोणत्याही सॉफ्टवेअरच्या ध्वनीवरून गाण्याचा अंदाज बांधू नये. मींड, आंदोलन आणि कण यांतले पुष्कळसे पाच रेषांवर लिहिताच येत नाही, आणि जेवढे लिहिता येते तेवढेही संगणक गायकासारखे वाजवत नाही. लिहिताना सुटलेला किंवा चुकलेला स्वर कानाला सापडावा, एवढ्यासाठी हे वादन ऐकावे.

पट्टीच्या प्रश्नावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण नाशिकमधील बहुतेक अडचणी मी येथेच पाहिल्या आहेत. आपण ‘काळी एक’ म्हणतो तेव्हा कीबोर्ड शिकलेले मूल तिला सी शार्प म्हणते आणि सॉफ्टवेअरमध्ये सात शार्पची की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या आरंभी येणारी पट्टीची चिन्हे, निवडते. त्याऐवजी डी फ्लॅट निवडावे : पाच फ्लॅट येतात, आणि बी फ्लॅट ट्रम्पेटच्या कागदावर ई फ्लॅट म्हणजे केवळ तीन फ्लॅट राहतात. मुलामुलींच्या आवाजासाठी काळी चार घेतली तर ए फ्लॅट निवडावे. तेथे चार फ्लॅट, ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटला दोन, आणि आल्टो सॅक्सोफोनला फक्त एक फ्लॅट येतो. हा नियम शुद्ध स्वरांच्या चालींना लागू पडतो. काळी चारमध्येच भैरवी लिहायची झाली, तर ए फ्लॅट धरून कोमल ऋषभ, गंधार, धैवत आणि निषाद लिहिताना कागद जादा फ्लॅट आणि डबल फ्लॅटने भरून जातो, वाचणारा हात टेकतो. त्या वेळी षड्ज जी शार्प मानून चार शार्पची की सिग्नेचर द्यावी, म्हणजे भैरवीचे चारही कोमल स्वर एकही जादा चिन्ह न लिहिता आपोआप मिळतात. या निवडी सॉफ्टवेअर आपल्यासाठी करत नाही. वाद्यांचे कागद त्या त्या वाद्याच्या पट्टीत बदलून देण्याचे काम तिन्ही प्रमुख सॉफ्टवेअर निर्दोषपणे करतात, पण मूळ पट्टी शहाणपणाने निवडलेली असावी लागते.

तालाच्या बाबतीत तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ३+२+२ किंवा २+३+२+३ असे विभाग सांगता येतात, त्यामुळे रूपक आणि झपताल योग्य गटांत दिसतात. रूपकाची सम खालीच्या मात्रेवर असते, आणि पाश्चात्त्य वाचनाची सवय असलेला वादक बाररेषेनंतरची पहिली मात्रा ठासून वाजवतो. म्हणून तेथे खालीचे चिन्ह स्टाफच्या डोक्यावर लिहावे आणि वादकाला तोंडीही सांगावे. मध्यलय तीनतालातील अनेक बंदिशी नवव्या मात्रेपासून उठतात. अशा वेळी समेआधीच्या आठ मात्रा म्हणजे चार-चार मात्रांचे दोन पूर्ण बार होतात. म्यूझस्कोरमध्ये त्या दोन बारना मोजणीतून वगळण्याची सोय आहे आणि ती अवश्य वापरावी, म्हणजे समेचा बार पहिल्या क्रमांकाचा राहतो.

डोरिकोची हकिगत सिबेलियसपासून सुरू होते. २०१२ मध्ये अ‍ॅव्हिड कंपनीने सिबेलियसचे लंडनमधील कार्यालय बंद केले, तेव्हा त्या चमूतील अनेकांना स्टाइनबर्ग कंपनीने घेतले आणि डॅनियल स्प्रेडबरी यांच्यासारख्या अनुभवी लोकांनी सर्वस्वी नव्याने आरंभ केला. ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिली आवृत्ती आली. सोळाव्या शतकात रोममध्ये संगीत छापणाऱ्या व्हालेरियो दोरिको यांचे नाव त्याला दिले आहे, आणि छपाईवरील ही निष्ठा त्याच्या प्रत्येक पानावर दिसते. मांडणी, लेखन, सजावट, वादन आणि छपाई अशा कामाच्या पायऱ्या त्यात वेगळ्या ठेवल्या आहेत. आरंभी हे जाचक वाटते. सवय झाल्यावर मात्र लिहिता लिहिता चुकून पानाची मांडणी विस्कटणे थांबते, आणि घाईच्या दिवसांत याचे मोल फार असते.

डोरिकोचे दोन गुण मला विशेष मोलाचे वाटतात. एखादी चाल लिहून झाल्यावर मध्ये दोन मात्रा वाढवायच्या ठरल्या, तर पुढील सारे स्वर सरकतात आणि बाररेषा ओलांडणाऱ्या स्वरांची नव्या जागेनुसार योग्य फोड होते. म्यूझस्कोर आणि सिबेलियसमध्ये बार ही अधिक घट्ट चौकट आहे आणि अशा बदलाला बराच हातखंडा लागतो. चाल तालमीत घडत जाते अशा आपल्या पद्धतीत हा गुण क्षुल्लक नाही. दुसरा गुण असा, की एकाच फाइलमध्ये अनेक स्वतंत्र गाणी ठेवता येतात, ज्यांना डोरिको ‘फ्लो’ म्हणते. चर्चचे गीतपुस्तक किंवा शाळेच्या प्रार्थनांचा संग्रह करताना सर्व गाणी एका फाइलमध्ये, सलग पृष्ठांकासह आणि एकाच शैलीत राहतात. फॉन्ट बदलायचा झाला तर तो एकदाच बदलावा लागतो. पुस्तक छापायचे असेल तर या एका सोयीसाठी डोरिको घ्यावे असे मी ठामपणे म्हणेन.

त्याच्या पूर्ण आवृत्तीची यादीतील किंमत सुमारे ५८० डॉलर आहे आणि ती एकदाच भरायची असते, जरी पुढील मोठ्या आवृत्तीसाठी पुन्हा काही रक्कम लागते. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना सवलत मिळते. मर्यादित वाद्यांची मोफत आवृत्तीही आहे, आणि आपल्या हाताला हे सॉफ्टवेअर मानवते का, हे तिच्यावर अजमावल्याशिवाय कोणीही एवढा खर्च करू नये. शिकायला ते म्यूझस्कोरपेक्षा अवघड आहे. म्यूझस्कोरमध्ये एका मात्रेच्या स्वरासाठी पाचची कळ दाबतात, डोरिकोमध्ये सहाची. हात एकावर बसला की दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा चुकतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी शिकू नयेत.

सिबेलियसविषयी आदराने पण थोडक्यात लिहिते. बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी ते इंग्लंडमध्ये घडवले, १९९३ मध्ये ते बाजारात आले, २००६ मध्ये अ‍ॅव्हिडने ते विकत घेतले, आणि त्या काळात जगभरच्या संगीतकारांच्या हाती ते होते. आजही ज्या स्टुडिओंत ते रुळले आहे त्यांच्याकडून सिबेलियसच्या फाइल मागितल्या जातात, आणि अशा कामावर ज्यांची उपजीविका आहे त्यांनी ते ठेवलेच पाहिजे. मजकुराच्या फाइलवरून सर्व बोल एकदम स्वरांखाली पसरवण्याची त्यातील सोय मला फार आवडते. परंतु आता ते मुख्यतः वर्गणीवर मिळते, आणि मोफत आवृत्तीत चारच भाग लिहिता येतात. महिन्याकाठी एखादे समूहगान लिहिणाऱ्या शाळाशिक्षकाने कायमची वर्गणी भरत राहावी, एवढे अधिक असे ते त्याला काही देत नाही.

फिनाले मात्र कोणीही नव्याने घेऊ नये. त्याची विक्री थांबलेली आहे. १९८८ पासून चालत आलेल्या या सॉफ्टवेअरचा विकास थांबवल्याचे मेकम्यूझिक कंपनीने २६ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केले आणि आपल्या ग्राहकांना १४९ डॉलरमध्ये डोरिकोकडे वळण्याचा पर्याय दिला. ज्यांची आयुष्यभराची स्वरलेखने त्या स्वरूपात होती, त्यांच्यावर काय प्रसंग आला असेल याची कल्पना सहज करता येते. दुसरा निकष मी एवढा लावून धरते तो यामुळेच. सुदैवाने मायकल गुड यांनी घडवलेले म्यूझिकएक्सएमएल हे सामाईक स्वरूप २००४ पासून उपलब्ध आहे आणि या लेखातील प्रमुख सॉफ्टवेअर ते वाचतात व लिहितात. स्वर, ताल, पट्टी आणि बोल त्यातून नीट जातात. बोल युनिकोडमध्ये असल्यामुळे मराठी अक्षरांनाही अपाय होत नाही. पानाची बारीक सजावट मात्र पुन्हा करावी लागते. प्रत्येक गाणे पूर्ण झाले की त्याची मूळ फाइल, म्यूझिकएक्सएमएल आणि पीडीएफ अशा तीन प्रती एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. ज्यांच्या संगणकावर फिनाले अजून चालते आहे, त्यांनी पूर्ण फोल्डर एकदम म्यूझिकएक्सएमएलमध्ये बदलण्याची त्यातील सोय वापरून हे काम आत्ताच उरकावे. संगणक बदलल्यावर ते अवघड होत जाईल.

लिलिपॉन्ड हे वेगळ्या प्रकृतीचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात माउसने स्वर ठेवायचे नसतात. स्वरांची अक्षरे आणि लांबीचे आकडे साध्या मजकुरासारखे टंकायचे, मग सॉफ्टवेअर त्यातून कोरीव पान तयार करते. हान-वेन निएनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन यांनी १९९६ मध्ये त्याचा आरंभ केला. देवनागरीची जोडाक्षरे त्यात उत्तम येतात, पान देखणे असते आणि मजकुराची फाइल कोणत्याही संगणकावर कधीही उघडते. मात्र म्यूझिकएक्सएमएल त्यात आणता येते, पण त्यातून बाहेर नेण्याची सोय तुटपुंजी आहे, आणि प्रोग्रॅमिंगची भीती वाटणाऱ्या संगीतशिक्षकाला ते मानवणार नाही. अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि गाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ते आवर्जून दाखवते. नोटफ्लाइट आणि फ्लॅट ही ब्राउझरमध्ये चालणारी साधने शाळेच्या गृहपाठासाठी ठीक आहेत. त्यांच्या मोफत खात्यांवर मर्यादा आहेत आणि गंभीर कामाचा भार त्यांच्यावर टाकू नये.

शेवटी छपाई. झेरॉक्सच्या दुकानात कधीही मूळ फाइल नेऊ नये, पीडीएफच न्यावी आणि ती आधी मोबाइलवर उघडून जोडाक्षरे शाबूत आहेत ना हे पाहावे; फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत असला की दुकानातील संगणकावर मराठी फॉन्ट नसल्याची अडचण येत नाही. वादकांच्या कागदावर स्टाफची उंची सुमारे ७ मिलिमीटर ठेवावी, कारण एका स्टँडवर दोघे वाचतात. व्हायोलिन आणि ट्रम्पेटच्या कागदात पान उलटण्याची जागा विश्रांतीच्या बारवर आणावी; म्यूझस्कोरमध्ये हव्या त्या बारवर पान तोडण्याची खूण देता येते. पेटीच्या कागदाला ही युक्ती पुरत नाही. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर असतो, आणि गायक थांबला तरी त्याला स्वर भरत राहावे लागते. त्याच्यासाठी आवर्तने परत येतात तेथे पुनरावृत्तीच्या खुणा वापरून, गरज पडल्यास स्टाफचा आकार किंचित कमी करून, संपूर्ण गाणे समोरासमोरच्या दोन पानांत बसवावे आणि ती दोन पाने एका ए-थ्री कागदावर शेजारी-शेजारी छापून घ्यावीत.